झाडाने बांधलेलं बाशिंग

पावसाळ्यात चिपळूणहून परशुराम किंवा कुंभार्ली घाटाकडे जाताना जुन्या झाडांच्या खोडांवर जो थोराड नेचा दिसतो, त्याला मराठीत बाशिंग म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया. लिनियसने १७५३ मध्ये क्वर्सिफोलिया या नावातून त्याच्या पानाची तुलना ओकच्या पानाशी केली. पुढे प्रजातीला मिळालेलं नावही ओकच्याच ग्रीक शब्दावरून आलं. म्हणजे एकाच नावात ओक दोनदा, आणि तोही कोकणात कुठे न उगवणारा! माझ्या मते मराठी नावामागचं निरीक्षण अधिक खोल आहे, कारण ते सुट्या पानाचं नाही, सगळ्या मांडणीचं आहे. या नेच्याला दोन तऱ्हेची पानं येतात. बुडाशी आखूड, रुंद, देठ नसलेली पानं खोडाला चिकटून उभी राहतात. ती लवकरच तपकिरी आणि कागदासारखी कडक होतात, शिरा उठून दिसतात, पण गळत नाहीत. त्यांच्या खोबणीत पालापाचोळा साचून कुजतो आणि तेच नेच्याचं खत. त्यांच्यामधून हातभर, कधी त्याहून लांब, खोल कातरलेली हिरवी पानं पंख्यासारखी पसरतात. कपाळावर पट्टी आणि तिच्यावर उभी नक्षी, ही लग्नातल्या बाशिंगाचीच ठेवण.

कुणी म्हणेल, नाव आधी नेच्याचं असेल आणि त्यावरून नवरदेवाचं बाशिंग घडलं असेल. मला ते पटत नाही. कन्नडमध्ये बासिंग, तेलुगूत बासिकम् हे याच घराण्यातले शब्द लग्नात कपाळी बांधायच्या भूषणासाठीच रूढ आहेत. तीन भाषांत जो अर्थ समान, तोच मूळचा मानायला हवा. नेच्याला ते नाव रूपावरून मिळालं. दुसरा आक्षेप असा की बाशिंगाची जागा कपाळी, आणि हा नेचा तर खोडावर कुठेही, कातळावरसुद्धा वाढतो. पण नावात जागेपेक्षा बांधण्याला महत्त्व आहे, आणि तिथे ते चपखल बसतं. पुष्कळजण या नेच्याला बांडगूळ समजतात, पण तो झाडावर नुसता बांधलेला असतो. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत शिरून रस ओढतात. बाशिंगाचा लवदार, जाड कंद सालीवरूनच सरपटतो, मुळं सालीला नुसती धरून राहतात. झाडाचा रस ती पीत नाहीत. उन्हाळ्यात हिरव्या पानांचे भाग झडून नुसत्या काड्या उरल्या, तरी तपकिरी पट्टी खोडावर तशीच बांधलेली असते.