फोकसमध्ये दिसतं तसं नसतं

डीएसएलआर घेताना लोक सेन्सरची चौकशी करतात, लेन्सची करतात; फोकसिंग स्क्रीनबद्दल कुणी विचारत नाही. वास्तविक डोळा पाहतो ते चित्र आरशाच्या वर आडव्या बसवलेल्या या प्लास्टिकच्या तुकड्यावरच उमटतं, पेंटाप्रिझम ते फक्त सुलट करून दाखवतो. कॅननच्या २००८ सालच्या ५डी मार्क २ मध्ये ही स्क्रीन घरच्या घरी बदलता येते. नेहमीची ईजी-ए, रेघांची ईजी-डी आणि हाताने फोकस करणाऱ्यांसाठी ईजी-एस. एफ/१.४ सारखी लेन्स हाताने फोकस करायची असेल तर ईजी-एसला पर्याय नाही, असं माझं मत आहे. ऑटोफोकस रुळल्यावर स्क्रीन उजळ करण्यावर भर आला, कारण एफ/५.६ च्या झूममधूनही चित्र लख्ख दिसायला हवं होतं. त्यासाठी नेहमीच्या स्क्रीनचा खरखरीतपणा कमी केला गेला. मग लेन्सच्या कडेने तिरपे येणारे किरण डोळ्यापर्यंत पोचेनात. खात्री करायची तर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून १.४ ची लेन्स २.८ पर्यंत बंद करून पाहा. प्रकाश चौपटीने कमी व्हायला हवा, पण व्ह्यूफाइंडर जवळपास तेवढाच उजळ राहतो. म्हणजे १.४ वरही दिसत होती ती साधारण २.८ चीच डेप्थ; फोटोत तिच्या निम्मीच उतरते. डोळ्यावर साधलेला फोकस कानावर गेलेला सापडतो तो यामुळे.

लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र दहापट मोठं करून फोकस करता येतोच की, असं कुणी म्हणेल. ट्रायपॉडवर जरूर करावा. पण कॅमेरा हातात आणि समोर पळतं पोर असेल, तर मागच्या पडद्यावर डोळ्याची पापणी शोधत बसायला सवड कुठली?

ईजी-एस बसवण्यातल्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. क्लिप ओढली की चौकट खाली येते, स्क्रीनचा कान चिमट्यात धरून ती उचलायची. बोट लागलं तर डाग आणि पुसायला गेलं तर ओरखडा. धूळ ब्लोअरने उडेल तेवढी उडवावी, राहिली ती फोटोत येत नाही. प्रकाशमापक स्क्रीनवरूनच उजेड मोजतो, म्हणून कस्टम फंक्शनमध्ये नवी स्क्रीन नोंदवावी लागते, नाहीतर एक्स्पोजर चुकतं. २.८ पेक्षा मंद झूम लावली की ईजी-एस अंधारते. आणि सगळ्यांत चिवट बाब उंचीची. लेन्सपासून स्क्रीन आणि सेन्सर सारख्याच अंतरावर हवेत. ०.१ मिमीचा फरक पडला, तरी एफ/१.४ वर बिंदूचा सुमारे ०.०७ मिमीचा ठिपका होतो. फुल फ्रेमला ०.०३ मिमीपर्यंतच खपतो. ऑटोफोकसचा सेन्सर आरशाच्या खाली, वेगळ्या वाटेवर असल्याने त्याला हा फरक कळतच नाही. म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस पक्का करून मग व्ह्यूफाइंडरमधून पाहावं. तिथे चित्र धूसर दिसलं, तर आधी स्क्रीन काढून पुन्हा नीट बसवावी. पातळ शिम घालून उंची जुळवण्याचं काम त्यानंतरचं, आणि ते शक्यतो दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून व्हावं.