कमी फेऱ्या, जास्त ओढ : काळ्या रानातल्या इंजिनांचा आढावा

दिवाळी सरली की लातूर-नांदेडच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. परतीच्या पावसाने चिबडलेल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरचा कस लागतो. चालक क्लच सोडतो, दोन हजार फेऱ्यांचं इंजिन बाराशेवर येतं, धुराड्यातून काळा लोट उठतो. इथे इंजिनाने तग धरला तर ट्रॉली ‘मांजरा’ किंवा ‘भाऊराव चव्हाण’ साखर कारखान्याच्या काट्याकडे निघते, नाहीतर पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो. कमी फेऱ्यांतली ही ओढ, म्हणजे टॉर्क, हवा आत कशी येते आणि डिझेल कसं फवारलं जातं यावर ठरते.

सुरुवात विहिरीवरच्या इंजिनांपासून करू. लिस्टर पद्धतीचं 6 अश्वशक्तीचं इंजिन 650 फेऱ्यांवर चालायचं. त्याचा टॉर्क भरतो सुमारे 66 न्यूटन मीटर. किर्लोस्करचं 5 अश्वशक्तीचं इंजिन 1500 फेऱ्यांचं. त्याचा टॉर्क जेमतेम 24. अश्वशक्तीत फरक एकाचा, ओढीत जवळपास तिपटीचा. मोठं सिलिंडर, लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील ही त्या संथ इंजिनाची पुंजी होती.

नंतर आले टर्बो नसलेले, इनलाइन पंपाचे ट्रॅक्टर. बॉशने असा पंप 1927 मध्ये कारखान्यातून बाहेर काढला. भारतात 1951 मध्ये बंगळुरूला ‘मायको’ कंपनी आली आणि पुढे नाशिकला नोझल बनू लागले. यात पंपाचा प्लंजर इंजिनाने फिरवलेल्या कॅमवर चालतो. फेऱ्या घटल्या की प्लंजर मंदावतो, दाब उतरतो, डिझेलचे थेंब जाड होतात आणि अर्धवट जळतात. ओढीच्या वेळचा काळा धूर बराचसा इथून येतो. जमेची बाजू अशी, की 2200 फेऱ्यांवर हवा ओढायला सुमारे 14 मिलिसेकंद मिळतात, 1200 वर 25. तरी तेवढ्या सावकाश वेगात आत येणारी हवा सिलिंडरमध्ये चांगली घुसळली जात नाही, म्हणून इनटेकचा मार्ग वळणदार ठेवून तिला भोवरा दिला जातो.

ओढ कमी पडली की पंप वाढवून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, हवा मात्र तेवढीच राहते. चार दिवस ट्रॅक्टर जोमात वाटतो. मग नोझल काजळतात, ऑइल पातळ होतं, पिस्टन तापतो. त्याआधी एअर क्लीनर उघडून पाहावा. उन्हाळी नांगरटीच्या धुळीने तो चोंदलेला असेल, तर गेलेली ओढ तिथेच सापडते.

टर्बोने हवेची उणीव भरून काढली, पण तो फिरतो धुराच्या जोरावर. अगदी कमी फेऱ्यांवर धूरच थोडा, त्यामुळे ट्रॉली जागची हलवताना त्याची मदत उशिरा पोचते. छोट्या टर्बाइनचा टर्बो लवकर जागा होतो; जड ओढीसाठी तोच बरा.

कॉमन रेलने इंजेक्शनचा दाब फेऱ्यांपासून सोडवला. पंप डिझेल एका नळीत दाबून साठवतो आणि संगणक प्रत्येक इंजेक्टर नेमक्या क्षणी उघडतो. बाराशे फेऱ्यांवरही हजार बारच्या पुढचा दाब देता येतो, फवारा धुक्यासारखा पडतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 चे उत्सर्जन निकष लागू झाले आणि या गटात कॉमन रेल रुळली. मात्र तिला डिझेलमधलं पाणी आणि कचरा सोसत नाही. शेतावरच्या उघड्या ड्रममधून डिझेल ओतण्याची सवय सोडावीच लागेल, आणि तपासणीला संगणक असलेलं वर्कशॉप जवळ हवं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पलटी नांगर आणि उसाची ट्रॉली हे मुख्य काम असेल आणि सेवा तालुक्यात मिळत असेल, तर कॉमन रेल घ्यावी. फवारणी, पेरणी आणि हलकी वाहतूक असेल, तर साधा पंप अजूनही पुरे. शोरूममध्ये मात्र अश्वशक्तीवर थांबू नये. जास्तीत जास्त टॉर्क किती, तो किती फेऱ्यांवर मिळतो आणि लोड आल्यावर टॉर्क किती टक्के चढतो, हे तीन आकडे लिहून मागावेत. काळ्या रानात कर्जाचा हप्ता या आकड्यांच्या जोरावर फिटतो.