सहावी गोळी वजा

रुपयाची सहा नाणी टेबलावर एकमेकांना चिकटवून गोल मांडा. मधे उरलेल्या जागेत सातवं नाणं नेमकं बसतं, ना सैल ना घट्ट. आता एक नाणं काढून घ्या आणि उरलेली पाच पुन्हा चिकटवा. वर्तुळ आवळतं, मधे नाणं मावत नाही. खिशात दिसणार नाही इतकं बारीक रिव्हॉल्व्हर कसं करायचं, याचं मूळ उत्तर एवढंच आहे. बाकीची कारागिरी त्यानंतरची.

रिव्हॉल्व्हर सगळ्यात जाड असतं ते सिलिंडरपाशी. नळी आखूड करता येते, मूठ तासता येते. सिलिंडरला मात्र गोळ्या पोटात घ्यायच्या असतात. अमेरिकन पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं असलेल्या स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्यांच्या ‘के’ सांगाड्याचं सिलिंडर सुमारे ३७ मिलिमीटर जाड. पाच गोळ्यांच्या ‘जे’ सांगाड्याचं सुमारे ३३. फरक चारच मिलिमीटरचा, पण पायाच्या घोट्यावर शस्त्र बांधून पाळीभर हिंडणाऱ्याला तो पावलोपावली कळतो.

पाच या आकड्याची आणखी एक गंमत आहे. गोळी सुटताना सिलिंडर हलू नये म्हणून त्याच्या अंगावर खाचा असतात आणि खालून एक खिट्टी त्यात अडकते. सहा कप्पे असले, की वरच्या कप्प्याच्या बरोब्बर समोर खालीही कप्पा येतो आणि खाच त्याच्या पातळ भिंतीवर किंवा तिच्या अगदी जवळ पाडावी लागते. विषम संख्येत खाली येतो तो दोन कप्प्यांमधला भरीव लोखंडाचा भाग. म्हणजे एक गोळी गमावून सिलिंडर बारीकही झालं आणि नको तिथे पातळ होण्यापासून वाचलंही.

तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या असलेल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३६ साली ‘टेरियर’ नावाचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. त्यात जुनी, आखूड काडतुसं बसत. पोलिसांचं .३८ स्पेशल काडतूस त्याहून लांब. ते मावावं म्हणून कार्ल हेलस्ट्रॉम कंपनीचे अध्यक्ष असताना सांगाडा लांबवला गेला. रुंदी मात्र फारशी वाढू दिली नाही. १९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांची परिषद भरली, तिथे हे नवं रिव्हॉल्व्हर मांडलं. नाव काय ठेवायचं, हे त्या प्रमुखांनाच विचारलं. त्यांनी स्वतःवरूनच ठेवलं: ‘चीफ्स स्पेशल’. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी बाळाला आपलंच नाव द्यावं, तसं.

अडचण राहिली घोड्याची. त्याचं मागे वळलेलं शेपूट कोटाच्या अस्तरात अडकतं, आणि अडकतं ते नेमकं घाईच्या वेळी. १९५२ मध्ये, कंपनीच्या शंभरीच्या वर्षी, ‘सेंटेनियल’ आलं. त्यात घोडा संपूर्ण सांगाड्याच्या पोटात झाकलेला. १९५५ च्या ‘बॉडीगार्ड’मध्ये घोड्याला दोन्ही बाजूंनी भिंती केल्या आणि फक्त त्याचं टोक वर ठेवलं. दिसायला कुबडं, पण कामाचं.

ही रिव्हॉल्व्हरं अनेकांनी एकटी बाळगली. तरी त्यांचा खरा संसार दुसरं शस्त्र म्हणून झाला. कमरेवरचं मोठं रिव्हॉल्व्हर रिकामं झालं, झटापटीत कुणी हिसकावलं किंवा उजवा हात निकामी झाला, तर खिशातलं छोटं. सहा काडतुसं एकेक करून भरण्यापेक्षा दुसरं भरलेलं शस्त्र काढणं लवकर होतं. या सवयीला अमेरिकेत ‘न्यूयॉर्क रीलोड’ असंच नाव पडलं.

बारीकपणाची किंमत मात्र हाताला मोजावी लागते. नळी जेमतेम दोन इंची, नेम धरायच्या खुणा नावापुरत्या, चाप लांब आणि जड. पोलादी नगाचं वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम. ॲल्युमिनियमचा सांगाडा आला आणि ते चारशेच्या आसपास उतरलं. पुढे स्कँडियम मिश्रधातूने साडेतीनशेच्याही खाली. खिसा खूश झाला. पण वजन हेच धक्का गिळत असतं. ते गेलं की सगळा धक्का तळहातावर. बाळगायला सगळ्यात सोपं हत्यार चालवायला सगळ्यात अवघड, आणि नवशिक्याला दुकानात नेमकं तेच सुचवलं जातं. हा सल्ला मला कधीच पटलेला नाही.

पोलिसांच्या खिशासाठी बेतलेली वस्तू पोलिसांच्याच खिशात थोडीच राहते! १९६४ मध्ये सुरू झालेल्या चार्टर आर्म्स कंपनीने ‘अंडरकव्हर’ नावाचं पाच गोळ्यांचं हलकं, स्वस्त रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. १९७२ मध्ये अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावर गर्दीतून झाडलं गेलं ते हेच. ८ डिसेंबर १९८० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननच्या मारेकऱ्याच्या हातातही याच कंपनीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. त्याने पाचही झाडल्या, चार लागल्या.

याहून चपटं काही झालंच नाही, असं नाही. जाक तुर्बियो या फ्रेंच गृहस्थाने १८८२ मध्ये खिशातल्या घड्याळासारख्या गोल, चपट्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. मुठीत धरायचं, नळी दोन बोटांमधून बाहेर, मूठ आवळली की बार. अमेरिकेत ते बनवलं स्प्रिंगफील्डच्या शेजारच्या चिकोपी गावातल्या तलवारींच्या कारखान्याने. त्यात कप्पे चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. जाडीचा प्रश्न खरोखर सुटला होता. मात्र आरे सगळ्या दिशांना असतात, म्हणजे काही गोळ्यांची तोंडं धरणाऱ्याच्याच तळहाताकडे! ते फार चाललं नाही.

आज चपटेपणात रिव्हॉल्व्हर हरलंय, हे मान्य करायला हवं. रुगर कंपनीचं २००८ सालचं ‘एलसीपी’ पिस्तूल एकवीस मिलिमीटर जाडीचं आहे. तरी त्याच रुगरने पुढच्याच वर्षी पाच गोळ्यांचं नवं रिव्हॉल्व्हर काढलं. कारण पिस्तुलाचा वरचा भाग झाडताना मागेपुढे सरकतो. खिशातल्या खिशात तो कापडात अडकतो, अंगावर दाबला गेला तर मागे रेटला जाऊन बार होतच नाही. झाकल्या घोड्याच्या रिव्हॉल्व्हरला यातलं काही आडवं येत नाही.

आपल्याकडे हिशेब वेगळा पडतो. .३८ हा बोअर भारतात सर्वसाधारण परवानाधारकाला वर्ज्य, .३२ चालतो. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ च्या सुरुवातीला बायकांच्या पर्ससाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं तेही .३२ चंच, वजन पाचशे ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. .३२ चं काडतूस अंगानेच बारीक. नाणं लहान घेतलं, की त्याच वर्तुळात जास्त मावतात. ‘निर्भीक’मध्ये सहा गोळ्या आहेत.