जुन्या बंदुकीची नळी

यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा, राळेगांव, पुसद या बाजूंस ज्यांचीं शेतें रानाला लागून आहेत, त्यांस रानडुकरें व रोही यांचा उपद्रव नवा नाहीं. त्या उपद्रवाच्या निमित्तानें घेतलेली आजोबा-पणजोबांच्या काळची दुनळी बंदूक कांहीं घराण्यांतून अद्यापि सांपडते. ती वारसानें नांवावर करून घेतांना दस्त्यावरील नक्षी सगळे पाहतात. नळींत डोळा लावणारा विरळा. आणि खरें मर्म तर तेथेंच आहे.

काळ्या दारूच्या बारानंतर नळींत जे क्षार उरतात ते हवेंतील ओल शोषून घेतात. न पुसलेली बंदूक पावसाळ्याचे चार महिने कातडी खोळींत बंद राहिली, कीं पोलादास गंज चढून बारीक खळगे पडतात. आयुर्वेदांत मण्डूर जितका जुना तितका गुणकारी मानतात. येथें तो न्याय लागू नाहीं.

प्रथम बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करावी. मग नळ्या दस्त्यापासून सोडवून पांढऱ्या भिंतीकडे धराव्या व मागील बाजूनें पाहावें. घासलेटाच्या बोळ्यानें निघतो तो मळ. त्याची चिंता नको. पुसल्यावरही राहतात ते काळे ठिपके म्हणजे खळगे. तोंडाकडील उथळ खळग्यांनीं फारसें बिघडत नाहीं. परंतु काडतूस बसतें तेथें व त्याच्या लगेच पुढें ते असतील तर गोष्ट गंभीर, कारण दाब तेथेंच सर्वांत अधिक. वर्तुळाकार सावली दिसल्यास नळी फुगल्याचा संशय घ्यावा. नळी फुटली म्हणजे तिच्याखालीं धरलेल्या डाव्या हाताचीं बोटें जाऊं शकतात, आणि शेजारीं उभा असलेला मुलगाही सुरक्षित नसतो.

पुष्कळ जण म्हणतात, ‘घासून घेऊं, आरशासारखी होईल.’ होईल खरी! पण घासणें म्हणजे खळग्याच्या तळापर्यंत भोवतालचें चांगलें पोलाद काढून टाकणें. पुढल्या भागांत भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या खालीं गेली, तर जाणते कारागीर ती नळी बाद धरतात. म्हणून आधीं जाडी मोजवून घ्यावी, घासण्याचें मग पाहावें.

नळीवर नागमोडी वेलबुट्टी दिसली तर अधिकच सावध असावें. ती दमास्कसी नळी. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, भट्टींत सांधून केलेली, आणि बहुधा काळ्या दारूपुरतीच. सांध्यांत शिरलेला गंज वरून दिसत नाहीं. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें. त्याची मुद्रा असली तरी ती परीक्षेच्या दिवसाची साक्ष, नंतरच्या ऐंशी पावसाळ्यांची नव्हे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करावी लागते. गांवच्या लोहाराकडे नेऊं नये. मूळ धन्याच्या पश्चात् परवाना वारसाकडे आपोआप येत नाहीं. नवा मिळेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते. देतांना नळींतून तेलाचा बोळा अवश्य फिरवावा. ठाण्याच्या कोठींतही पावसाळा असतोच.