बाटलीत रुजलेली आमरी सड्यावर कशी जगेल?

टिश्यू कल्चरची केळी सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला नवी नाहीत. एका निवडक रोपापासून हजारो तंतोतंत सारखी रोपे केली, की घड एकदमच काढणीला येतात. कासच्या पठारावरच्या आणि चांदोलीच्या रानातल्या दुर्मीळ आमरी, म्हणजे ऑर्किड, याच पद्धतीने वाढवाव्यात असे कुणालाही सुचेल. पण बागेतला हा गुण रानात घातक ठरतो: सगळी रोपे सारखी असली, तर एकच रोग किंवा एकच कोरडा हंगाम सगळ्यांना घेऊन जाऊ शकतो. परपरागणातून धरलेल्या प्रत्येक बीमध्ये मात्र दोन झाडांच्या गुणांचा नवा मेळ असतो. म्हणून संवर्धनासाठी आमरी वाढवायची, तर ती बियांपासूनच.

अडचण आहे ती बीमध्येच. आमरीच्या एका बोंडात धुळीसारखे हजारो, काही जातींत लाखो बी असतात, आणि रोपाला पुरेल असा अन्नसाठा त्यांत नसतो. रानात विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते आणि तीच त्याला पोसते. हे नाते फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखले. अमेरिकेतल्या लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले, की साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बुरशीशिवायही बी रुजते. आजही मूळ तत्त्व तेच आहे. बोंड फुटण्याआधी, हिरवे असतानाच काढायचे, बाहेरून निर्जंतुक करायचे, चिरायचे आणि आतले बी बाटलीत पेरायचे. बी फुगून त्याचा बारीक गोळा होतो, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. पाने आणि मुळे त्यातून फुटतात.

दुर्मीळ झाडाचे बोंड तोडणे म्हणजे चोरीच, असे कुणी म्हणेल. पण रानात त्या हजारोंतले जवळजवळ सगळे बी वायाच जाते. बोंडे हिशेबाने घेतली तर नुकसान किरकोळ आणि मिळकत मोठी. बाटलीतली रोपे बाहेर तगत नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. झाडावर वाढणारी सीतेची वेणी त्यातल्या त्यात सोपी. पाचगणीचे नाव मिरवणारी हबेनारिया पंचगणिएन्सिस आणि तिच्यासारख्या जमिनीतल्या आमरी अवघड. त्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, मातीच्या पातळ थरात कंद धरून कोरडे महिने काढतात आणि पावसात उगवतात. बाटलीत साखरेने बुरशीची जागा घेतली, तरी सड्यावर ती बुरशी पुन्हा लागतेच. म्हणून बी ज्या सड्यावरचे, तिथल्याच झाडांच्या मुळांतून बुरशी वेगळी करून तिच्यासोबत रोपे वाढवायला हवीत. हे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळले तर बाटल्यांची संख्या नुसती अहवालातच वाढेल.

प्रयोगशाळेवर खर्च होणारा पैसा पठार राखायलाच का देऊ नये? पठार राखणे पहिलेच. सडाच उरला नाही तर रोपे लावायची कुठे? पण झाडे इतकी विरळ झाली, की परागच एकाकडून दुसऱ्याकडे पोचत नाहीत, तेव्हा नुसती राखण पुरत नाही. इंग्लंडमध्ये नामशेष मानलेल्या लेडीज स्लिपर आमरीचे एकच झाड १९३० मध्ये सापडले, आणि त्याला राखण होतीच. तरी क्यू वनस्पती उद्यानाच्या प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली रोपे १९८९ पासून रानात लावली गेली. त्यांतले पहिले फूल २००० मध्ये उमलले. आपल्याकडेही हिशेब अशाच लांब मुदतीचा धरावा लागेल, आणि यश मोजायचे ते लावलेल्या रोपांनी रानात स्वतःहून धरलेल्या बोंडांवरून. हबेनारियाच्या फुलामागच्या लांब, शेपटीसारख्या नळीतला मध रात्रीचे पतंग पितात, परागही तेच नेतात. तेव्हा या पतंगांना भुलवणाऱ्या सड्याकाठच्या हॉटेलांच्या दिव्यांचा प्रश्न हाही प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग आहे.