कचेरीत एकटे माणूस असते तेव्हा

मंचरहून घोडेगाव, डिंभे मागे टाकून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता चढणीला लागला की पावसाळ्यात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. धुके खिडकीपाशी येऊन थांबते, वीज जाते, आणि मोबाइलची रेंज कधी येते, कधी जाते. अशा वेळी आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील कितीतरी लहान कचेऱ्यांत एकच माणूस कामावर असतो. कोठे शाखा डाकघरातील डाकपाल, कोठे आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, कोठे ग्रामपंचायतीचा लिपिक, तर कोठे पतसंस्थेच्या शाखेतील रोखपाल. खाली गावात त्यांचे वृद्ध आईवडील घड्याळाकडे पाहत असतात. 'पाऊस आहे, उशीर झाला असेल,' अशी मनाची समजूत घालतात आणि आणखी अर्धा तास वाट पाहतात.

या अर्ध्या तासाविषयीच आज लिहावयाचे आहे.

एकट्याने काम करणे ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि ते बेकायदाही नाही. पाय घसरून पडणे, साखर एकदम उतरणे, छातीत कळ येणे, विजेचा धक्का बसणे, हे सारे माणसांनी भरलेल्या कचेरीतही घडू शकते. फरक इतकाच, की तेथे कोणीतरी धावून येते. एकट्या माणसाच्या बाबतीत खरा धोका घटनेइतकाच नंतरच्या वेळात दडलेला असतो. काही झाले आहे, हे दुसऱ्या कोणाला किती वेळाने कळेल?

याच आंबेगाव तालुक्यातील माळीण आपल्याला विसरता येणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर दिसत नाही, हे नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि ती वार्ता बाहेर पोहोचली. त्या दुर्घटनेची तुलना कचेरीतील अपघाताशी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणारा एक माणूस होता, आणि नेहमीपेक्षा काहीतरी निराळे आहे हे त्याने ओळखले, एवढी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत, २९ जानेवारी २०१७ रोजी जे घडले ते याहून अगदी वेगळे आहे. तो रविवार होता. इन्फोसिसच्या कार्यालयात केरळहून आलेली एक तरुण अभियंता एकटीच कामावर आली होती आणि बंगळुरूतील सहकाऱ्यांशी संगणकावरून जोडलेली राहून काम करीत होती. ती फोन उचलत नाही असे पाहून वरिष्ठांनी सुरक्षा रक्षकांना चौकशी करावयास सांगितले, तेव्हा तिचा खून झाल्याचे उघडकीस आले. पोलिसांनी अटक केली ती तेथेच पहाऱ्यावर असलेल्या रक्षकाला. दारावर पहारा होता, इमारत आधुनिक होती, सहकारी संगणकाच्या पडद्यापलीकडे होते. तरीही त्या मजल्यावर ती एकटीच होती. त्या बातमीने महाराष्ट्रातील अनेक आईवडिलांची झोप उडाली होती, हे आमच्या वाचकांना आठवत असेल.

वैद्यकीय दृष्टीनेही वेळेचा हा हिशेब कठोर आहे. हृदय बंद पडले तर छातीवर दाब देण्याचे प्राथमिक उपचार सुरू होईपर्यंत जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता घटवीत जाते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि डोंगरातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्यातूनच वजा होतो. पडलेला माणूस तासन्‌तास जमिनीवरच राहिला, तर हाड मोडलेले नसतानाही स्नायूंना इजा होते, शरीरातील पाणी कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. मधुमेह्याची साखर फार खाली गेली, तर स्वतःहून फोन करण्याचे भानही राहत नाही. म्हणूनच 'काही झाले तर फोन कर' ही आपली नेहमीची सूचना अपुरी आहे. ज्याला काही होते, तो फोन करू शकेलच असे नाही.

मग मालकाने किंवा संस्थेने काय करावे? आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त व्यवस्था म्हणजे ठरलेल्या वेळेचा फोन. एकट्या कर्मचाऱ्याने दर दोन तासांनी, धोका अधिक असेल तेथे त्याहूनही लवकर, मुख्य कार्यालयातील एका ठरलेल्या व्यक्तीला आपण ठीक असल्याचे कळवावे. परंतु खरी कसोटी पुढे आहे. फोन आला नाही तर त्या व्यक्तीने किती मिनिटांनी उलट फोन करावयाचा, तोही लागला नाही तर कोणाला प्रत्यक्ष पाठवावयाचे, हे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. शेजारचा दुकानदार, पोलीस पाटील, जवळच्या वाडीतील शिपाई, यांपैकी जो पाच-दहा मिनिटांत पोहोचू शकेल त्याचे नाव त्या कागदावर हवे. जेथे रेंजचा भरवसा नाही, तेथे लँडलाइन किंवा बिनतारी यंत्र द्यावे, आणि तेही शक्य नसेल तर तेथे एकट्याला बसवूच नये.

काही कामे तर एकट्याने करूच नयेत. रोख रक्कम घेऊन जाणे, शिडीवर चढणे, विजेच्या मंडळाशी खटपट करणे ही त्यांपैकी होत. वीज गेल्यावर जनरेटर बंद खोलीत चालविणे तर प्राणघातक आहे, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार आतून बंद करता यावे, आलेला माणूस दार उघडण्यापूर्वी दिसावा, जवळ स्वच्छतागृह असावे आणि वाटेवर दिवा असावा, याही गोष्टी चैनीच्या नाहीत. कॅमेरा बसविला म्हणजे कर्तव्य संपले असे पुष्कळ संस्थांना वाटते. चित्रण पाहणारा कोणी नसेल, तर तो कॅमेरा घडून गेलेले तेवढे सांगतो. जुन्नर वनविभागातील बिबट्यांचा वावर पाहता, एकट्या कर्मचाऱ्याला अंधार पडण्यापूर्वी घरी निघू देणे हीदेखील सुरक्षिततेचीच बाब मानावी लागेल.

कायद्याचे पाठबळ आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्यास तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि तिची सुरक्षितता व घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांपैकी एक तर खास व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य तिच्यात सांगितले आहे. अगदी लहान आस्थापनांना यातील पुष्कळ कलमे लागू होत नाहीत, आणि एकटी माणसे बहुधा तेथेच असतात, ही मात्र खंत आहे. तेथे कुटुंबीयांनीच विचारावयास हवे. मुलगा किंवा मुलगी नोकरीस लागते तेव्हा आपण पगार विचारतो, रजा विचारतो. 'तुझा फोन आला नाही तर तिकडे कोणाच्या लक्षात येते?' हेही विचारून पाहावे. उत्तर चटकन मिळाले नाही, तर व्यवस्था नाही असे समजावे.

आमच्या वाचकांपैकी कित्येकजण स्वतःच असे एकटे कर्मचारी असतील. निवृत्तीनंतर एखाद्या गोदामावर, शाळेवर किंवा पतसंस्थेच्या दारात रात्रीचा पहारा करणारे साठी उलटलेले अनेक गृहस्थ आपण पाहतो. त्यांनी आपला रक्तदाब, मधुमेह मालकापासून लपवू नये. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, पण रात्री दोन वाजता चक्कर आली, तर औषधांची यादी खिशात असणे फार मोलाचे ठरते. थंडीत केबिनचे दार लावून आत कोळशाची शेगडी पेटविण्याची सवय तर आजच सोडावी. जनरेटरच्या बाबतीत जो वायू सांगितला, तोच येथेही असतो, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. अंथरुणास खिळलेल्या वडिलांसाठी किंवा सासूबाईंसाठी ज्या ताई बारा-बारा तास येतात, त्याही एकट्याच काम करीत असतात, आणि त्यांचे मालक आपणच असतो. आपण कामावर जाताना त्यांच्या हाती रुग्ण सोपवितो, पण त्यांच्याविषयी कोणाला सांगून जात नाही. जड रुग्णाला एकटीने उचलावयास लावले, तर तिची पाठ जायबंदी होते, आणि दोघेही पडण्याची भीती असते. त्या वेळेस शेजाऱ्याला हाक मारण्याची मुभा तिला स्पष्ट शब्दांत द्यावी. घरी आलेल्या पाहुण्याकडून वा रुग्णाकडूनही तिला त्रास झाल्यास, २०१३ च्या कायद्याने घर हेदेखील कामाचे ठिकाण मानले आहे. घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती तिला आपणच द्यावी. दुपारी एक वाजता आपला फोन तिला अवश्य जावा. तो 'बाबा जेवले का?' एवढ्यावर न थांबता 'ताई, तुम्ही जेवलात का?' येथपर्यंत पोहोचावा.

आणि फोनशेजारच्या भिंतीवर एक मोठ्या अक्षरांतील कागद चिकटवावा. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक, जवळच्या दोन शेजाऱ्यांची नावे, रुग्णाची औषधे, आणि घरी कसे यावे याची खूण लिहावी. डोंगरातल्या वाडीवर घराला क्रमांक नसतो. डांबरी रस्ता कोठे संपतो, कोणत्या देवळापाशी डावीकडे वळावयाचे, पुढे गाडी येते की पायवाट आहे, हे घाबरलेल्या माणसाला फोनवर सांगता येत नाही. समोर लिहिलेले असेल, तर तो ते वाचून दाखवू शकतो.