काळ्या चिकटपट्टीखालचं बटण

कीबोर्डच्या डाव्या बाजूला एका बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. विजेच्या तारांना गुंडाळतात तीच. मास्तरांचा हात बाकी सगळीकडे फिरत होता, त्या बटणाकडे मात्र जात नव्हता. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. शामियान्यात बाया तणसावर चादरी अंथरून पोरांना निजवत होत्या, आणि रंगमंचाच्या पुढ्यात, जिथे एकही दिवा पोचत नव्हता, तिथे दोन माणसं आपापल्या यंत्रांच्या तारा जोडत बसली होती. एकाजवळ कीबोर्ड, दुसऱ्याजवळ ऑक्टोपॅड. रात्रभराच्या तीन अंकी नाटकाचं सगळं संगीत या दोघांच्या चार हातांतून येणार होतं.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते मंडईवर लिहायला. भाऊबीज आटोपली, हलका धान कापून झाला की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावागावांत मंडई भरते. दिवसा जिलेबी, शिंगाडे, बांगड्यांची दुकानं, सासरी गेलेल्या लेकी, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात उतरलो तो जिलेबीच्या आणि सोयरिकीच्या तयारीने. पहिल्या अंकाच्या आत माझी वही या दोन माणसांकडे वळली आणि मग परत मंडईकडे गेलीच नाही.

झाडीपट्टी रंगभूमीचा परिचय थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळांनी करून दिलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पूर्व विदर्भ म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं ठाणं. अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा गाडीत बसलं की ते जवळच येतं. हंगामात तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं उघडतात आणि गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. पूर्वी गावचेच हौशी लोक उभे राहत, बाईचं काम करायला तेवढी नागपूरहून नटी आणत. आता मंडळं धंदेवाईक आहेत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत झाडीपट्टी हा शब्द आला. नटांबद्दल लिहिलं जातं, पडद्यांबद्दलही. जाहिरातीच्या कागदावर तळाशी ‘संगीत साथ’ अशी एक ओळ असते. त्या ओळीबद्दल मी कुठे वाचलेलं नव्हतं.

कीबोर्डवाल्या मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली ती ऑर्गनवर. संगीत नाटकाने मराठी मुलखाला दिलेली ही पायपेटी पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर मागे पडली तरी झाडीत टिकून राहिली. दोन्ही पायांनी आळीपाळीने भाता चालवायचा. हातपेटीत हवा बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती स्वरांच्या पितळी पट्ट्यांमधून आत ओढली जाते, म्हणून त्याचा सूर मऊ आणि भरलेला येतो. मास्तरांच्या मते मुख्य गोष्ट पायांत होती. नटीने पदाची ओळ लांबवली की पाय आपोआप हळू होत, ती दमली की भाताही दमे. तबल्याची बोटं आणि ऑर्गनचे पाय, दोन्ही गाणाऱ्याच्या छातीकडे बघून चालत.

पण ऑर्गन उचलायला दोन माणसं लागत. बैलबंडीतून, मग ट्रॅक्टरमधून, कच्च्या रस्त्याने तो रोज एका गावाहून दुसऱ्या गावी जायचा. पौषातल्या दवाने लाकूड फुगायचं. उंदीर भात्याचं कापड कुरतडायचे. एखादा स्वर मुका झाला की मास्तर त्या पट्टीवर बोट न ठेवता रात्र काढायचे, आणि ऐकणाऱ्याला कळणार नाही अशी काढायचे. पहिला कॅसिओ हाती आला (इकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड ‘कॅसिओ’च) तेव्हा तो त्यांना आधी वजनामुळे आवडला. काखेत मारून एस.टी.त बसता येत होतं. दुसरी सोय ‘ट्रान्सपोज’च्या बटणाची. पूर्वी नायिका काळी चारला गाणारी, तिचा नायक पांढरी एकचा, म्हणजे एकाच पदाची बोटं दोन ठिकाणी बसवून ठेवावी लागत. आता बटण दाबलं की बोटं तिथेच राहतात, सूर सरकतो. मास्तर ते बटण वापरतात. मात्र अजूनही बाराही ठिकाणांहून वाजवता येतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मध्यंतरात वाजवून दाखवलं.

ऑक्टोपॅडवाला पोरगा तिशीचा. दिवसा राईस मिलमध्ये, हंगामात इथे. त्याचा बाप तबला वाजवायचा. तबल्याच्या ठिकाणी आता आठ रबरी चौकोन आहेत, वर चार, खाली चार. रोलँड ही जपानी कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात काढली, आणि १९८५ साली तिने पहिला ऑक्टोपॅड आणला. त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता. कोणत्या चौकोनावर किती जोराने काठी पडली, एवढंच ते दुसऱ्या यंत्राला कळवायचं. आवाज पुढच्या यंत्रांत आले. मूळ करामत आजही तीच आहे. रबराखाली एक पातळ चकती असते, धक्का बसला की तिच्यात क्षणभर वीज निर्माण होते, आणि त्या विजेच्या मापावरून यंत्र ठरवतं की साठवलेला आवाज हळू द्यायचा की जोरात. शेजारच्या चौकोनाचा हादरा आपलाच समजून भलताच पॅड बोलू नये म्हणून प्रत्येकाची संवेदनक्षमता वेगळी लावावी लागते. हे लावणं पोरगा रोज नव्याने करतो, कारण रोज फळ्या वेगळ्या, जमीन वेगळी, दव वेगळं.

पॅडवर तो ढोलकी वाजवतो, तबला वाजवतो, डिस्कोचा ड्रम वाजवतो. पायाशी एक स्विच आहे, तो दाबला की आठही आवाज बदलतात. मला थांबवून ठेवलं ते मात्र थपडांनी. दुसऱ्या अंकात नायकाने पाटलाच्या पोराला सात थपडा मारल्या. सातही गालापासून वीतभर लांबून गेल्या आणि सातही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आल्या. पोरगा पॅडकडे बघतच नव्हता. त्याची नजर नायकाच्या उजव्या खांद्यावर होती. हात उगारायच्या आधी खांदा किंचित वर येतो, आणि त्याची काठी तेव्हाच निघते. हात फिरून जायला लागणारा वेळ आणि काठी पडायला लागणारा वेळ त्याने मनात बसवून ठेवला आहे. हा नायक खांदा उशिरा उचलतो, मागच्या वर्षीचा लवकर उचलायचा, असं तो म्हणाला. विजा, घोड्याच्या टापा, बंदुकीचा बार सगळं याच काठीतून. बाप तबल्यावर पदाला साथ करायचा, मुलगा माणसाच्या अंगाला साथ करतो. मला हे मोठं काम वाटतं.

इथल्या साथीत तीस वर्षांत जे बदल झाले ते गावाने मागितलेले आहेत. आधी नाट्यपदं, भजनं, लावण्या. मग नव्वदीतली हिंदी गाणी, त्यांना ऑर्गनचा मऊ सूर पुरेना. मग अंकांच्या मध्ये नाच हवा झाला आणि पॅड आला. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंदाचं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलं होतं. त्या हंगामात प्रत्येक गावाला तसाच आवाज हवा होता. तिकडे वाद्यवृंदाचा ताफा, इकडे दोघं. मास्तरांनी डाव्या हाताला व्हायोलिनचा आवाज लावला, उजव्या हाताला बासरी, आणि व्हायोलिनचे सूर ऑर्गनसारखे, एकातून दुसरा निघावा तसे धरले. मी ते ऐकलं. डोळे मिटले तर वाद्यवृंद मुळीच वाटत नाही. जुना भरलेला सूर नव्या कापडात गुंडाळून कुणी हातात द्यावा तसं वाटतं, आणि मला ते मूळ गाण्याइतकंच आवडलं.

आता त्या चिकटपट्टीकडे येतो. तिच्याखाली ‘स्टार्ट’चं बटण आहे. ते दाबलं की कीबोर्ड स्वतःच ठेका धरतो, खालचे सूर स्वतःच भरतो, आणि थांबवेपर्यंत एकाच चालीने चालत राहतो. काही वर्षांमागे एका प्रयोगात, पोरगा गेल्याची बातमी बापाला कळते त्या प्रसंगात, मास्तरांचं मनगट त्यावर पडलं. वरातीचा ठेका सुरू झाला. लोक हसले. बापाचं काम करणाऱ्या नटाने तो प्रसंग पुन्हा उभा केला, पण ती रात्र मास्तरांच्या मनातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी लागली. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “हे बटन कोनाची वाट नाही पाहत जी.”

हे ऐकताना मला इंग्लंडची एक जोडी आठवली. रॉचडेल या सूतगिरण्यांच्या गावचे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन १९८७ पासून ‘ऑटेकर’ नावाने यंत्रांवर संगीत करतात. १९९३ च्या पहिल्या अल्बममध्ये सुरावटी ओळखू येतात. २००१ च्या ‘कॉनफील्ड’पर्यंत ठेका आणि सूर दोन्ही इतके मोडत गेले की जुने ऐकणारे गोंधळले. मैफलीत ते सगळे दिवे मालवून वाजवतात. १९९४ साली ब्रिटनमध्ये रात्रीच्या उघड्यावरच्या नाचमेळ्यांना आवर घालणारा कायदा आला, आणि त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्यांच्या संगीताचा उल्लेख होता. या दोघांनी निषेध म्हणून ‘फ्लटर’ नावाची एक रचना केली, तिच्यात ठेक्याचं एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. त्यांचं नाव गोंदियात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण यंत्राला एकच गोष्ट परत परत करू न देण्याचा हट्ट त्यांनी कायद्यापायी धरला, आणि मास्तरांनी एका रडणाऱ्या बापापायी. अंधारात बसणं दोन्ही जोड्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्या निवडीने, यांच्या रिवाजाने.

कायदा इथेही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. झाडीपट्टीचं नाटक सुरूच होतं त्या सुमाराला, कारण त्याआधी माणसं जेवून, गुरांचं आवरून यायची असतात. त्यामुळे परवानगीची टांगती तलवार कायम. कायद्याचा दुसरा फटका शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. दिवसाच्या पटाला आलेला पाहुणा रात्री नाटकाला थांबायचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा पटाबरोबर त्या रात्रीही गेल्या. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने महाराष्ट्रातल्या शर्यतींना वाट मोकळी केली, पण मधल्या काळात पाहुण्याची सवय मोडली होती. कोरोनाने २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम बुडवला. त्या वर्षी मास्तरांनी दुसऱ्याच्या बांधीत धान कापला आणि पोरगा मिलमध्ये पोती उचलत राहिला. काठी धरणाऱ्या बोटांना पोत्याचा हूक धरून आलेले घट्टे त्याने मला दाखवले.

यंत्रांचं दुखणं वेगळंच. जनरेटरची वीज वरखाली होते आणि कीबोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, तोवर नटी सूर नसताना गात राहते. दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं. हंगामात रोज रात्री प्रयोग, मग जायचं कधी? ऑर्गनचा मुका स्वर मास्तर घासून बोलका करायचे. कीबोर्डच्या आतली पाटी गेली की त्यांच्या हातात काही राहत नाही.

पण खरी भीती पेनड्राइव्हची आहे. नाचाची गाणी आता त्याच्यावरच येतात. शहरातून मूळ ट्रॅक भरून आणायचा, ध्वनिक्षेपकवाल्याने लावायचा, नाचणारीने नाचायचं. तेवढा वेळ हे दोघं हात बांधून बसतात. मी होतो त्या रात्री अशी पाच गाणी झाली. पाचव्याला पोरगा उठून चहा आणायला गेला. हळूहळू नाटकातल्या पदांचेही ट्रॅक तयार होऊ लागले आहेत, आणि नव्या नट्यांना त्यावर तालीम करणं सोपं जातं. सूर हलत नाही, ठेका चुकत नाही. तिसऱ्या अंकात एका पदाच्या मधोमध नटीला खरंच रडू कोसळलं. मास्तरांनी एकच सूर धरून ठेवला, पोरग्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिने डोळे पुसून श्वास घेतला, आणि तिच्या पहिल्या अक्षराला ठेका समेवर आला. शामियान्यात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. ट्रॅक असता तर तो तोवर अंतऱ्यात जाऊन पोचला असता.

पहाटे पाचला पडदा पडला. बांध्यांवर दव होतं. पोरग्याने पॅड फडक्याने पुसून काठ्या बापाच्या जुन्या तबल्याच्या खोळीत घातल्या. कीबोर्ड घोंगड्यात गुंडाळताना मास्तर मला म्हणाले की वडशाहून निरोप आला आहे. पुढच्या हंगामाला मंडळाला खर्च कमी करायचा आहे, संगीताला एकच माणूस पुरे, ठेका कॅसिओतला चालेल. पोरग्याला त्यांनी हे सांगितलेलं नव्हतं. तो गाडीच्या टपावर सामान बांधत होता. मंडळाला होकार अजून कळवलेला नाही, ते म्हणाले. एकट्याने वाजवायचं तर पट्टी काढावी लागेल.